मद्यपाश, नोकरी आणि अपंगत्वाचा कायदा

उरण तालुका आकाराने लहान. पण क्षणभराच्या गाफीलपणाची किंमत जिथे माणसांच्या जिवाने मोजावी लागते, अशी कामाची ठिकाणे येथे एकमेकांना खेटून उभी आहेत. १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायचे तेल आणि वायू समुद्रतळावरच्या वाहिन्यांतून जिथे येतो तो ओएनजीसीचा प्रकल्प, बोकडवीऱ्याचे वायू विद्युत केंद्र, भेंडखळचा भारत पेट्रोलियमचा गॅस भरण्याचा प्रकल्प, करंजाचे नौदलाचे शस्त्रागार आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झालेले न्हावा-शेवाचे जवाहरलाल नेहरू बंदर. बंदराभोवती कंटेनरची गोदामे आणि यार्ड, आणि त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर रात्रंदिवस धावणारे ट्रेलर. अशा ठिकाणी तिसऱ्या पाळीला एखादा कामगार दारू पिऊन आला तर काय करायचे? बहुतेक व्यवस्थापनांचे उत्तर एका शब्दाचे असते: बडतर्फी. त्या कामगाराच्या घरचे उत्तरही एकाच शब्दाचे असते: नशीब.

या दोन उत्तरांच्या मध्ये कायद्याचा बराच मोठा, आणि बराचसा अंधारलेला, प्रदेश आहे. दारूचे व्यसन हा आजार आहे काय? आजार असेल तर ते अपंगत्व ठरते काय? आणि अपंगत्व ठरले तर नोकरीला संरक्षण मिळते काय? हे तीन प्रश्न सर्रास एकच समजले जातात. पहिल्याचे उत्तर वैद्यकशास्त्राने केव्हाच दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर भारतीय कायद्याने अर्धेच दिले आहे. तिसऱ्याचे उत्तर कामगार कोणाच्या हजेरीपटावर आहे, यावर बरेचसे अवलंबून आहे.

भट्ट्यांपासून बंदरापर्यंत

उरणचा दारूशी संबंध बंदरापेक्षा पुष्कळ जुना. एकोणिसाव्या शतकात हे गाव मिठागरांसाठी जितके ओळखले जाई, तितकेच मोहाच्या फुलांची दारू गाळणाऱ्या भट्ट्यांसाठी. मुंबई शहरात खपणारी देशी दारू येथून जाई आणि तिच्यावरच्या अबकारीतून सरकारची तिजोरी भरे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर आणि विकण्यावर सरकारी पकड घट्ट केली. पुढे स्वातंत्र्यानंतर त्याच मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. तो आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा या नावाने अस्तित्वात आहे आणि कागदोपत्री पिणाऱ्याला अजूनही परवाना लागतो. राज्यघटनेचा ४७ वा अनुच्छेद दारूबंदीसाठी प्रयत्न करावयास सांगतो, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काचा आकडा दरवर्षी मोठ्या अपेक्षेने लिहिला जातो. दारूबाबत राज्यसंस्थेची ही दुटप्पी भूमिका नोकरीच्या कायद्यातही उमटलेली दिसते.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी आणि पुढे बंदरासाठी उरणच्या भातशेतीचे व मिठागरांचे संपादन झाले. भरपाईच्या प्रश्नावर १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने पाच शेतकऱ्यांचे प्राण घेतले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांचे तत्त्व पुढे आले. शेतकऱ्याचा मुलगा आता क्रेनवर, ट्रेलरवर, सुरक्षारक्षकाच्या चौकीत किंवा कंटेनरच्या यार्डात दिसू लागला. या स्थित्यंतराला व्यसनाचे कारण ठरवणे सोपे आहे आणि उथळही. दारू जमीन गेलेल्यांच्या घरीही असते आणि ज्यांची कधी जमीनच नव्हती त्यांच्याही. बदलली ती व्यसनाची किंमत. मिठागरावर दारू पिऊन पडलेल्या माणसाचा एका दिवसाचा रोज बुडे. बंदराच्या यार्डात तोच माणूस वीस वर्षांची नोकरी, भविष्य निर्वाह निधीतील भर आणि घरच्यांचे वैद्यकीय संरक्षण एका पाळीत गमावू शकतो. आणि त्याच्या चुकीने दुसऱ्याचा जीवही जाऊ शकतो. ३ सप्टेंबर २०१९ रोजी ओएनजीसीच्या उरण प्रकल्पात आग लागून चौघांचा मृत्यू झाला, त्यांत केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे तिघे होते. या घटनेचा उल्लेख येथे व्यसनाच्या संदर्भात नाही. अशा आवारात धोक्याची जातकुळी कोणती असते, ते ध्यानात यावे एवढ्याचसाठी आहे.

आजार कोणता, सवय कोणती

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात मद्यपाशाला स्वतंत्र स्थान आहे. त्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सहा लक्षणे सांगितली आहेत: पिण्याची अनावर ओढ, केव्हा सुरू करायचे, केव्हा थांबायचे यावरचा ताबा सुटणे, दारू बंद करताच शरीराला होणारा त्रास, तेवढ्याच नशेसाठी मात्रा वाढत जाणे, अन्य आनंदांकडे व जबाबदाऱ्यांकडे दुर्लक्ष, आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही पीत राहणे. वर्षभराच्या काळात यांतली तीन किंवा अधिक लक्षणे एकत्र आढळली तर तो मद्यपाश. सणासुदीला पिणारा, किंवा एखाद्या रात्री अतिरेक करणारा, या व्याख्येत बसत नाही.

हा भेद कामाच्या जागी फार महत्त्वाचा ठरतो, आणि नेमका तोच तेथे पुसला जातो. फाटकावर श्वासाची चाचणी करणारे यंत्र त्या क्षणी शरीरात किती मद्य आहे ते सांगते. समोरचा माणूस मद्यपाशात अडकलेला आहे की नाही, हे ते सांगू शकत नाही. लग्नाच्या वरातीतून थेट पाळीवर आलेला धडधाकट तरुण या चाचणीत सापडेल. उलट, वर्षानुवर्षे रोज पिणारा आणि आज नोकरीच्या भीतीने बारा तास थेंबही न घेतलेला कामगार चाचणीतून सहीसलामत सुटेल, आणि तोच अधिक धोकादायक अवस्थेत असू शकेल. हात थरथरणे, घाम, निद्रानाश, क्वचित फिट येणे, दोनतीन दिवसांत भास आणि संभ्रम, हे सारे दारू अचानक तोडल्यावर होते. यातली शेवटची अवस्था उपचारांविना प्राणघातक ठरू शकते. ‘सोमवारी एकदम बंद कर आणि मंगळवारी कामावर ये’ हा सल्ला प्रेमाने दिलेला असला तरी वैद्यकीयदृष्ट्या चुकीचा आहे.

या प्रश्नाचा आवाका केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत दिसतो. १० ते ७५ वयोगटातील सुमारे १४.६ टक्के, म्हणजे जवळपास १६ कोटी, भारतीय मद्य घेतात. मद्यपाशात अडकलेले सुमारे २.७ टक्के, म्हणजे अंदाजे २.९ कोटी. मात्र अशा ३८ जणांपैकी केवळ एकाने कधीतरी काही उपचार घेतल्याचे त्या पाहणीत आढळले. उरलेले ३७ जण कोठे असतात? त्यांतले पुष्कळ कामावर असतात.

गैरवर्तनाची यादी

नोकरीच्या कायद्याने दारूकडे परंपरेने एकाच खिडकीतून पाहिले आहे, ती म्हणजे शिस्तीची. औद्योगिक आस्थापनांचे स्थायी आदेश १९४६ च्या कायद्याखाली बनत. मुंबई राज्याच्या नमुना स्थायी आदेशांत आस्थापनेच्या आवारातील नशा, दंगा व असभ्य वर्तन यांची गणना थेट गैरवर्तनात केलेली होती; विनापरवानगी वारंवार गैरहजेरी आणि सतत उशिरा येणे हीदेखील त्याच यादीत. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधला २२ वा नियम तर आणखी पुढे जातो. कामावर नशेत नसणे, सार्वजनिक जागी नशेत न दिसणे, एवढेच नव्हे तर मद्याचा अतिरेक न करणे हेही तो कर्मचाऱ्यावर बंधनकारक करतो. व्याख्येनेच अतिरेक ज्याच्या हातात नाही, त्याला अतिरेक करू नको असे हा नियम सांगतो.

आरोपपत्र देणे सोपे, आरोप सिद्ध करणे मात्र वाटते तितके सोपे नाही. बचूभाई हसनअली कार्याणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तोंडाचा वास, लटपटती चाल, अडखळती वाचा आणि विस्फारलेली बुबुळे एवढ्यावरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे म्हटले; रक्ताची वा लघवीची तपासणी झालेली नव्हती. तो खटला दारूबंदी कायद्याखालचा होता, आणि खातेनिहाय चौकशीत पुराव्याची पातळी फौजदारी खटल्याइतकी कडक नसते. तरीही या निकालाचा आधार बडतर्फीच्या प्रकरणांत वारंवार घेतला जातो. रक्तातील प्रमाणाचे आकडेही कायद्यागणिक वेगळे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची. दारूबंदी कायद्यात पुराव्याचा भार आरोपीवर टाकणारे प्रमाण त्याहून वरचे, ०.०५ टक्के. ट्रेलरचालक पहिल्या आकड्याला बांधलेला असतो. गोदामातल्या कारकुनासाठी मात्र आकडा कोणता, हे आस्थापनेच्या स्वतःच्या नियमावलीत लिहिलेले नसेल तर चौकशीचा पायाच भुसभुशीत राहतो.

शिक्षेच्या प्रमाणाचा प्रश्न न्यायालयांत सतत येतो. उत्तर प्रदेशातील सशस्त्र पोलीस दलाच्या एका चालकाने कुंभमेळ्याच्या बंदोबस्तासाठी जवानांना नेताना नशेत ट्रक चालवला आणि अपघात केला. २०२२ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने या वर्तनाची मुळीच गय केली नाही. मोठी हानी झाली नाही हे केवळ सुदैव, असेच न्यायालयाचे मत होते. तरीही पंचवीस वर्षांची सेवा विचारात घेऊन बडतर्फीऐवजी सक्तीची निवृत्ती दिली गेली. चालक तोवर हयात नव्हता. निवृत्तिलाभ वारसांना मिळण्याची वाट त्यामुळे मोकळी झाली. या सर्व चर्चेत ‘आजार’ हा शब्द कळीचा नव्हता. प्रश्न होता दयेचा आणि प्रमाणाचा. हक्काची भाषा अपंगत्वाच्या कायद्यातून येते.

एक वाक्यांश इथे आहे, तिथे नाही

१९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सात प्रकारचे अपंगत्व मानले, त्यांत मानसिक आजार होता. त्याचे ४७ वे कलम नोकरदारांसाठी सर्वांत मोलाचे ठरले. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याची पदावनती करता येणार नाही. सध्याचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, तेही नसेल तर अधिसंख्य पद निर्माण करून त्यावर ठेवावे. २००३ मध्ये कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद सक्तीची असल्याचे सांगितले, आणि २०१३ मध्ये गुजरातमधील एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात मानसिक आजारालाही ती लागू केली.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने, जो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला, अपंगत्वाचे प्रकार २१ वर नेले. मद्यपाश त्यांत नावाने नाही. मानसिक आजाराची व्याख्या मात्र आहे: विचार, भावावस्था, संवेदन, स्थलकालाचे भान किंवा स्मृती यांचा असा गंभीर विकार की ज्यामुळे निर्णयशक्ती, वर्तन, वास्तव ओळखण्याची क्षमता किंवा रोजच्या जीवनाच्या सामान्य गरजा भागवण्याची क्षमता मोठ्या प्रमाणात बाधित होते. अवघ्या काही महिन्यांनी त्याच संसदेने मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ संमत केला. त्यातील मानसिक आजाराची व्याख्या जवळपास शब्दशः हीच. फक्त तिच्यात एक वाक्यांश अधिक आहे. मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था या आजारात समाविष्ट आहेत, असे ती स्पष्ट म्हणते.

म्हणजे उपचाराच्या कायद्यात मद्यपाश हा मानसिक आजार, आणि नोकरीच्या संरक्षणाच्या कायद्यात त्याबद्दल मौन. या मौनाचे दोन अर्थ लावता येतात. एक, संसदेला तो वाक्यांश ठाऊक होता आणि दुसऱ्या कायद्यात तो मुद्दाम ठेवला नाही. दुसरा, मूळ व्याख्याच इतकी व्यापक आहे की गंभीर मद्यपाश तिच्यात आपोआप बसतो; खुलाशाची गरज नव्हती. दुसरा अर्थ कायद्याच्या हेतूला अधिक धरून आहे, कारण भेदभावविरोधी कायदा संकुचित वाचायचा नसतो. पण पहिला अर्थ हास्यास्पद म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही, आणि मालकाचा वकील तोच मांडणार.

प्रमाणपत्राच्या खिडकीशी ही अडचण अधिक टोकदार होते. मानसिक अपंगत्वाची टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या मापनपद्धतीने ठरते. स्वतःची निगा, नातेसंबंध, संवाद आणि काम ही तिची चार अंगे. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक असल्यास लक्षणीय अपंगत्व मानले जाते आणि आरक्षणासारखे लाभ त्यावर अवलंबून असतात. भेदभावापासूनचे संरक्षण मात्र चाळीस टक्क्यांशी बांधलेले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीतील विकास कुमार निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाजवी सोयी मिळण्याचा हक्क लक्षणीय अपंगत्वापुरता मर्यादित नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले. दीर्घकाळ पिण्याने येणारा स्मृतिभ्रंश, हातापायांच्या नसांचा विकार किंवा तीव्र नैराश्य यांची बाब तर वेगळीच आहे. ती स्वतंत्रपणे अपंगत्वाच्या चौकटीत येऊ शकतात, आणि ती कशाने आली असे व्याख्या विचारत नाही.

वर्तन आणि आजार यांची ताटातूट

मालकाचा नेहमीचा युक्तिवाद असा: आम्ही त्याला आजारासाठी काढले नाही, वर्तनासाठी काढले. या युक्तिवादाला सर्वांत मोठा धक्का १७ डिसेंबर २०२१ रोजी बसला. रविंदरकुमार धारीवाल विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात केंद्रीय राखीव पोलीस दलातील अधिकाऱ्यावर गैरवर्तनाची कारवाई सुरू होती. त्याला मंत्रचळ (ओसीडी) आणि नैराश्य होते. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने ती कारवाई रद्द केली. मानसिक अपंगत्वामुळे माणूस कामाच्या ठिकाणच्या शिस्तीच्या अपेक्षा इतरांप्रमाणे पूर्ण करू शकत नाही, त्यामुळे त्याच्यावर कारवाई होण्याची शक्यताच अधिक असते, आणि म्हणून अशी कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, असे तत्त्व न्यायालयाने मांडले. अपंगत्व हे वर्तनाचे एकमेव कारण असण्याचीही गरज नाही. अनेकांपैकी एक असले तरी पुरे.

हे तत्त्व मद्यपाशाला लावले तर चित्र एकदम पालटते. उशिरा येणे, न सांगता गैरहजर राहणे, चिडचिड, वरिष्ठांशी हमरीतुमरी: आरोपपत्रातली बहुतेक कलमे म्हणजे आजाराच्या लक्षणांची यादीच. कामावर प्रत्यक्ष नशेत असणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती वेगळीच राहिली पाहिजे. २०१६ च्या कायद्याचे तिसरे कलमही उचित उद्दिष्टासाठी योजलेल्या प्रमाणबद्ध उपायाला भेदभाव मानत नाही. वायूच्या टाक्यांशेजारी किंवा चाळीस फुटी कंटेनर उचलणाऱ्या क्रेनवर नशेला पूर्ण मज्जाव करणे हे असे उद्दिष्ट नाही, असे कोण म्हणेल? वाद उरतो तो उपायाचा. त्या कामावरून तत्काळ दूर करणे प्रमाणबद्ध. उपचाराची संधी न देता पहिल्याच घटनेत कायमचे घरी पाठवणे प्रमाणबद्ध आहे काय, हे मालकाला सिद्ध करावे लागेल.

परदेशांतील वाटा

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. ब्रिटनने तो सरळ कापून टाकला: १९९६ च्या आणि नंतर २०१० च्या नियमांनी मद्य, निकोटिन आदींचे व्यसन अपंगत्वाच्या व्याख्येतूनच वगळले, अपवाद वैद्यकीय उपचारातून जडलेल्या व्यसनाचा. पण २००३ मध्ये अहवालित झालेल्या पॉवर विरुद्ध पॅनासॉनिक प्रकरणात तेथील अपील न्यायाधिकरणाने नैराश्य असेल तर ते दारूतून आले काय हे पाहू नका, असे सांगितले आणि मागचे दार उघडे ठेवले. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यात मद्यपाश अपंगत्व ठरू शकतो, मात्र मालक कामावर मद्याला बंदी घालू शकतो आणि मद्यपाशी कर्मचाऱ्याकडून इतरांइतक्याच कामाची व वर्तनाची अपेक्षा ठेवू शकतो.

उरणच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातले आहे, कारण तेही तेलशुद्धीकरणाचे. १९८९ मधल्या एक्सॉन व्हाल्डिझ तेलगळतीनंतर तेल कंपन्यांनी व्यसनाविषयी कडक धोरणे आखली. ओंटारिओतील सार्निया येथे इंपीरियल ऑइलच्या कारखान्यात धोकादायक कामावरच्या कर्मचाऱ्यांना आपले पूर्वीचे व्यसनही कळवण्याचे बंधन आले. एका ज्येष्ठ ऑपरेटरने प्रामाणिकपणे कळवले. १९८४ पासून त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. त्याला त्या कामावरून हटवण्यात आले. प्रकरण ओंटारिओच्या अपील न्यायालयापर्यंत गेले आणि २००० साली निकाल लागला: मद्यपाश हे अपंगत्व आहे, व्यक्तीची अवस्था न तपासता आपोआप हटवणे हा भेदभाव आहे, मात्र धोकादायक कामांवर श्वासाची अचानक चाचणी घेता येईल, शिक्षा व्यक्तीगणिक ठरवली जात असेल तर. चाचणी आणि हक्क एकत्र नांदू शकतात, एवढे त्या निकालाने दाखवले. याच्या उलट बाजूला आपल्या सैन्यदलांचे १९८२ चे निवृत्तिवेतन पात्रता नियम होते. मद्य वा तंबाखूच्या अतिरेकातून आलेल्या अपंगत्वाला भरपाई नाही, कारण ती बाब माणसाच्या स्वतःच्या ताब्यातली आहे, असे ते मानत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९६ ची आचारसंहिता मात्र व्यसनाकडे आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहावे आणि इतर आजारांप्रमाणेच वागणूक द्यावी, असा आग्रह धरते.

फाटकाच्या आत आणि बाहेर

२०१६ च्या कायद्याच्या २० व्या कलमात ४७ व्या कलमाचाच आशय आला आहे. पण तो शासकीय आस्थापनांपुरता. सरकारी कंपन्या व प्राधिकरणे त्यांत मोडतात. म्हणजे ओएनजीसी, भारत पेट्रोलियम, बंदर प्राधिकरण, महानिर्मिती आणि उरण नगरपरिषद यांच्या थेट हजेरीपटावरच्या कर्मचाऱ्याला ‘काढू नका, दुसरे काम द्या’ असे म्हणण्याचा आधार आहे. खासगी टर्मिनल, कंटेनर गोदाम किंवा वाहतूकदाराकडच्या माणसाला त्या कलमाचा आधार नाही. त्याच्या आस्थापनेने २१ व्या कलमाप्रमाणे समान संधी धोरण तयार केलेले असले पाहिजे, हे खरे. ते मागून पाहणारा कामगार दुर्मीळ.

त्याचा खरा आधार कामगार कायदेच. शिक्षा गैरवर्तनाच्या मानाने धक्कादायकरीत्या जास्त असणे ही अनुचित प्रथा असल्याचे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने मानले. बडतर्फीची शिक्षा कमी करण्याचा अधिकार औद्योगिक विवाद कायद्याने कामगार न्यायालयांना दिला होता, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तो न्यायाधिकरणाकडे आहे. याच संहितेने स्थायी आदेशांची अट मात्र ३०० कामगारांच्या आस्थापनांवर नेली. महाराष्ट्रात ती पूर्वी ५० ला लागू होती. मधल्या आकाराच्या यार्डांत गैरवर्तन म्हणजे काय आणि चौकशी कशी करायची, याचा प्रमाणित कागदच त्यामुळे उरत नाही. सततच्या आजारपणामुळे केलेली सेवासमाप्ती ही ‘कपात’ नव्हे, हे जुन्या कायद्यातले वाक्य नव्या संहितेतही आहे. म्हणजे व्यसनाला केवळ ‘आजार’ म्हणवून घेण्यात कामगाराचा तोटाही होऊ शकतो. आजाराने नोकरी गेली तर कपातीची भरपाई नाही. अपंगत्वाची पायरी गाठली तरच संरक्षण.

अपघाताच्या भरपाईबाबत एक बारकावा घरच्यांना माहीत असावा असा. नशेमुळे झालेल्या अपघातात मालकाची जबाबदारी नाही, असे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यापासून चालत आले आहे. पण मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर ही सबब मालकाला वापरता येत नाही. ‘तो प्यायलेला होता, काही मिळणार नाही’ असे सांगून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात, तेव्हा कायदा विधवेच्या बाजूने असतो.

वेळेचा हिशेब

या सगळ्यात निर्णायक ठरते ती तारीख. आरोपपत्र हाती पडण्यापूर्वी उपचार सुरू झाले असतील, मानसोपचारतज्ज्ञाचे निदान लेखी असेल आणि रजेचा अर्ज त्या आधारे केलेला असेल, तर वर्तन आजारातून आले, हे म्हणणे विश्वासार्ह ठरते. आरोपपत्रानंतर मिळवलेले प्रमाणपत्र चौकशी अधिकारी शंकेने पाहतो, आणि त्याला दोष देता येत नाही. अडचण अशी की मद्यपाशात अडकलेला माणूस नेमके हेच, आपल्याला आजार आहे हे, सर्वांत शेवटी मान्य करतो. म्हणून पहिले पाऊल बहुधा बायको, भाऊ, संघटनेचा पदाधिकारी किंवा एखादा जाणता सुपरवायझर उचलतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या २३ व्या कलमाने उपचारांची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क केला आहे. २१ व्या कलमाने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देण्यास सांगितले आहे. सोय म्हणून काय मागायचे, तेही ठाऊक हवे: उपचाराच्या काळासाठी रजा, परतल्यावर काही महिने रात्रपाळी व धोकादायक यंत्रांपासून सुटका, ठरावीक अंतराने तपासणी, आठवड्याच्या बैठकीसाठी पाळीत अदलाबदल. यातले काहीही आस्थापनेला परवडणार नाही असे नाही.

महाराष्ट्रात या उपचारांची परंपराही आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीता देशपांडे यांच्या पाठबळावर २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ने व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचे, ही दृष्टी मराठी समाजात रुजवली. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या सभा अनेक शहरांत मराठीतून चालतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर, तर मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ १४४१६ वर आहे.

दाद मागायची जागाही हजेरीपटावरून ठरते. बंदर प्राधिकरण, ओएनजीसी किंवा भारत पेट्रोलियमच्या कर्मचाऱ्याची तक्रार दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे जाते. नगरपरिषदेच्या किंवा महानिर्मितीच्या कर्मचाऱ्याची पुण्यातील राज्य आयुक्तांकडे. कंत्राटदाराच्या माणसाबाबत तर बडतर्फीचा कागदही निघत नाही. फाटकावरच्या पासची मुदत संपते आणि तो नव्याने मिळत नाही; कंत्राटदार म्हणतो, कंपनीने नको सांगितले, आणि कंपनी म्हणते, हा आमचा कामगारच नव्हे. त्याला कोणत्या आदेशाविरुद्ध दाद मागायची, इथपासूनच सुरुवात करावी लागते. त्यासाठी पासची प्रत, हजेरीच्या नोंदी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि वेतनाच्या पावत्या एवढेच त्याच्या हाती असते, तेही त्याने जपून ठेवले असेल तर.